जवाईचा फाऊल

पूल हा खेळ मी मोबाइलवर बघून शिकले. शिकवणारं कोणी नव्हतं. आमच्या अर्जुनी मोरगावात तेव्हा पूल म्हटलं की लोक विचारायचे, कोण्या नाल्यावरचा?

बाबांचं खताचं दुकान उठलं आणि स्टेशनच्या रस्त्यावरचं, आमच्या अंगणातलंच टिनाचं गोदाम रिकामं झालं. त्याच सुमारास गोंदियातल्या एका माणसानं आपलं पूल पार्लर गुंडाळलं, आणि बाबा त्याचे दोन टेबल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून घेऊन आले, वरून चादरी झाकून. मोहल्ल्यातल्या बायांना वाटलं, माझं लग्न जुळलं आणि पलंग आले. दोन-दोन पलंग कायले, असं एकीनं आईला विचारलंसुद्धा. आईनं त्या दिवशी बाबांना वाढलं ते ताट आपटूनच.

मी बी.ए. करून घरी बसलेली. बसलेली म्हणायचं फक्त. गोदाम उघडायचं, झाडायचं, टेबलाच्या हिरव्या कापडावरून ब्रश फिरवायचा, बॉल पुसून ठेवायचे, सगळं माझ्याच गळ्यात. गिऱ्हाईक यायचं दुपारनंतर. तोवर गोदामात मी एकटी आणि समोर ते रंगीत बॉल. माणूस काय करणार? मारायला लागले. सुरुवातीला स्टिक सटकायची आणि जीव जायचा, कारण कापड फाटलं तर बाबांनी माझी चामडी सोलली असती. पण हात बसत गेला. पुढे पुढे नवेगाव, सौंदडची पोरं मोटरसायकलवर यायची, एका पोरीकडून हरायची आणि तोंड पाडून परत जायची. मला फार बरं वाटायचं. खोटं कायले बोलू?

नियम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. टेबलाला सहा पॉकेट. सात बॉल एकरंगी, सात पट्ट्याचे, एक काळा, एक पांढरा. स्टिकनं मारायचं ते फक्त पांढऱ्याला, बाकीच्यांना पांढऱ्यानं ढकलायचं. एकानं एकरंगी घ्यायचे, दुसऱ्यानं पट्ट्याचे. आपले सातही पॉकेटात गेले की मग काळा, आणि तो कोण्या पॉकेटात टाकणार ते आधी तोंडानं सांगायचं. सांगितल्या पॉकेटात काळा गेला की जिंकलात. आपले संपायच्या आधीच काळा पडला तर तिथल्या तिथे हरलात, मग तुम्ही कितीही मोठे तीसमारखाँ असा.

आणि फाऊल. पांढराच पॉकेटात गेला, फाऊल. आधी दुसऱ्याच्या बॉलला लागला, फाऊल. हात, शर्टाची बाही, गळ्यातली चेन, काहीही कोण्याही बॉलला शिवलं, फाऊल. फाऊल झाला की समोरचा पांढरा बॉल हातात उचलतो आणि मनाला येईल तिथे ठेवून मारतो. खेळातला खरा मार हाच. समोरचा चांगला असला तर तुमच्या एका फाऊलवर तो तुमचं तेरावं घालून मोकळा होतो. पंच नसेल तर ज्याचा फाऊल त्यानंच कबूल करायचा असतो. मोबाइलवरचे ते मोठे खेळाडू पाहून मला याचंच नवल वाटायचं. कोणाला काही दिसलेलं नसतं, आणि माणूस स्वतःहून हात वर करतो, स्टिक ठेवतो, खुर्चीत जाऊन बसतो.

आमच्या टेबलावर एक नियम जास्तीचा होता. जवाईचा फाऊल होत नाही.

जवाई म्हणजे ताईचा नवरा, माझा भाटवा. राहणार गोंदिया. तिथे बाजारात त्यांचं मोटर-पंपाचं दुकान. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी आणि सगळंच मोठ्यानं. तो आला की बाबा, डोक्यावर एक काळा केस न उरलेले माझे बाबा, परातीत त्याचे पाय धुवायचे आणि ते पाणी डोळ्यांना लावायचे. त्याच्यासाठी तलावावरून ताजी मासोळी यायची आणि मधला तुकडा त्याच्याच ताटात पडायचा. आमच्याकडे असंच असतं. तुमच्याकडे नसेल तर देवाचे आभार माना.

त्याला पूलचा भारी शौक. गोंदियात तो कधी खेळत नव्हता. का ते मला पक्कं माहीत आहे, तिथे त्याला फुकट कोण जिंकू देणार? इथे मात्र जेवण झालं, हात पुसले, बडीशेप तोंडात टाकली की हाक यायची, "चलो, साली साहिबा!" सोबत ते 'साली आधी घरवाली' हे ठरलेलं वाक्य. ते ऐकून घरात सगळे हसायचे. मी दात दाखवायची.

हरायचं काम माझ्याकडे होतं. आई स्वैपाकघरातच दटावून ठेवायची, "पाह्य, तोंड सांभाळजो आनि हात बी सांभाळजो. ताईले तेथी नांदाचं हाय."

तुम्हाला वाटेल, हरण्यात काय मोठं! छे! जिंकण्यापेक्षा दुप्पट डोकं लागतं त्याला. सरळ समोरचा बॉल हुकवला तर पाचवीतलं पोरगंही ओळखेल. तेव्हा आपला बॉल पॉकेटच्या तोंडाशी नेऊन थांबवायचा आणि कपाळावर हात मारायचा. मग पांढरा अशा जागी सोडायचा की त्याच्यासमोर डोळे मिटून जाईल असा बॉल यावा. तो मारायचा, बॉल जायचा, आणि तो वळून सगळ्यांकडे पाहायचा, "देखा?" कधी त्याचा बॉल आणि पांढरा दोन्ही एकदम पॉकेटात जायचे. तो फाऊल. पण बाबा घाईनं पॉकेटात हात घालून पांढरा बाहेर काढायचे, शर्टाला पुसायचे आणि टेबलावर ठेवायचे. "टेबलाले माझाच धक्का लागला जवाईबापू. मारा, मारा, पुन्हा मारा." एकदा तर त्यानं अर्ध्या खेळात काळाच पाडला. तेव्हा बाबांनी काळासुद्धा काढून ठेवला! मी बघतच राहिले. गोदामात बसलेली गावची पोरं भिंतीकडे तोंड करून हसायची आणि वर म्हणायची, "वा जीजाजी, एक नंबर!" एका घरचा जवाई तो साऱ्या गावचा जवाई.

ताई या वेळी दारात उभी असायची, पाण्याचा तांब्या नाहीतर चहाचा ट्रे घेऊन. तो तिच्याशी चार लोकांत एकच शब्द बोलायचा, "पानी." तिनं काही म्हटलंच तर, "तू चूप बैठ, तुले काय समजते?" एकदा आम्ही सगळे त्याच्या गाडीत तिरोड्याला एका वास्तुशांतीला निघालो होतो. ताई म्हणाली, इथून डावीकडे वळा. तो हट्टानं उजवीकडे वळला आणि आम्ही भलत्याच गावच्या धानाच्या बांधीत जाऊन निघालो. मग शिव्या कोणाला? ताईला. गाडी चालवताना बडबड केली म्हणून. मागच्या सीटवर मी ओठ चावून बसले होते. आई मला चिमटे काढत होती, मी बोलू नये म्हणून.

तर असा हा देवमाणूस सौंदडला रुसला. आमच्या चुलतभावाचं लग्न होतं. मांडवात जवायांचा मान सुरू झाला, दुपट्टा-टोपी द्यायची. आता कोण्या काकानं घाई केली देव जाणे, पहिला दुपट्टा दुसऱ्याच जवायाच्या खांद्यावर पडला. तो वयानं मोठा होता, पण लग्न आमच्या ताईचं आधी झालेलं. झालं! भाटवा पाटावरून उठला, गाडी काढली आणि निघून गेला. ताई तिथेच, हातात त्याच्यासाठी वाढून आणलेलं ताट घेऊन. त्या ताटाचं काय करायचं ते तिला कळेना. शेवटी मीच ते तिच्या हातातून घेतलं.

ताई आमच्यासोबत अर्जुनीला आली. वाटलं, दोन दिवसांनी राग उतरेल, येईल न्यायला. कुठला येतो! धानाची रोवणी झाली, पोळा झाला, दिवाळी झाली. फोन केला तर म्हणायचा, "रहने दो, आराम से रहने दो तुमच्याच घरी." बाबा दोनदा गोंदियाला जाऊन आले. दुसऱ्या वेळी त्यानं बाबांना दुकानात गिऱ्हाइकांच्या मधोमध स्टुलावर बसवून ठेवलं, दुपारपर्यंत, एक शब्द न बोलता. बाबांनी घरी येऊन हे सांगितलंसुद्धा नाही. आम्हाला ओळखीच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं.

इकडे बायांचे प्रश्न. "जवाई कवा येते न्याले?" विहिरीवर, दुकानात, दवाखान्यात, जिथे ताई दिसेल तिथे. पोरीला नवऱ्यानं सोडलं, असं कोणी तोंडावर म्हणत नव्हतं. पण तिला ओटी भरायला बोलावणं बंद झालं, आणि आमच्या इथे एवढं पुरतं. आई रोज तिच्याकडे पाहून उसासे टाकायची. मला दोघींचाही राग यायचा. मी ताईला सरळ विचारलं, "तुले जाचं हाय का त्याच्याकडे? खरं सांग."

"कायले विचारून राहिली?" ती म्हणाली. "जावाच लागन."

मी याचा अर्थ लावला की तिला जायचं नाही. फोन सारखा उशाशी ठेवून झोपायची, तेव्हाही मला वाटलं, त्याचा फोन येईल म्हणून धसका घेते.

धान कापून झालं तेव्हा कुठे तो आला. आदल्या दिवशी निरोप आला आणि घरात धावपळ सुरू झाली. ताईची बॅग सकाळपासून दाराशी भरून ठेवलेली. तो गाडीतून उतरला, पाय धुऊन घेतले, नवा दुपट्टा घेतला, टोपी घेतली, मासोळी खाल्ली. ताईकडे बघितलंही नाही. नेणार की नाही ते कोणालाच कळेना आणि विचारायची कोणाची छाती होईना. मग त्यानं बडीशेप तोंडात टाकली.

"चलो, साली साहिबा."

आईनं मला मोरीजवळ गाठलं. माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "आजचा दिवस," ती म्हणाली, "आजचा दिवस तेवढा हारजो माय. तुया पाया पडतो." आणि खरंच वाकली. सख्खी आई माझ्या पाया पडली, त्या माणसासाठी! माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी हो म्हटलं.

कापणी संपलेली, त्यामुळे गोदाम रिकामटेकड्यांनी भरलेलं. भाटव्यानं स्टिकला खडू लावला, फुंकर मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज असली रूल से खेलेंगे. फाऊल म्हणजे फाऊल. तुम्ही लोक मले सूट देता, मले का समजत नाही?"

बाबांचा चेहरा पडला. म्हणजे याला माहीत होतं! एवढे दिवस माहीत होतं आणि तरी वळून वळून 'देखा' म्हणत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आणि ऐका," तो पुढे म्हणाला, "जिंकलो तर तुमची पोरगी घेऊन जातो. हरलो तर ठेवून घ्या तुमच्याचजवळ. जुबान आहे आपली, सबके सामने."

पोरं हसली. आणि बाबा हसले. हात जोडून, मान हलवत, "काय जवाईबापू, तुमचं बी!" म्हणून हसले. बाबांचं ते हसणं मी अजून माफ केलेलं नाही. ताई दारात उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. तिनं सगळं ऐकलं. तांब्यातलं पाणी तेवढं हललं.

ब्रेक, म्हणजे पहिला फटका, त्यानं मारला. एकरंगी बॉल त्याचे, पट्ट्याचे माझे. मी हरायलाच खेळत होते, आईला शब्द दिला होता. तो मात्र नेहमीसारखा उधळत नव्हता. वाकून, नेम धरून, हळू मारत होता. खरे नियम म्हटल्यावर त्याचा घाम निघत होता आणि तो मिशीवरून पुसत होता. मी त्याला बॉल सोडत गेले, तो टाकत गेला. मधे मी माझेही टाकले, नाहीतर संशय आला असता. होता होता त्याचा एक एकरंगी उरला, माझा एक पट्ट्याचा, आणि काळा. माझा पट्ट्याचा मधल्या पॉकेटच्या तोंडाशी आणि काळा डाव्या कोपऱ्यात, अगदी लागून. दोन्ही मीच तिथे नेऊन ठेवलेले, हुकवल्याचं नाटक करत.

त्याचा शेवटचा एकरंगी दूर होता. त्याला टेबलावर पोट टेकून आडवं व्हावं लागलं. डावा हात लांब केला तेव्हा खांद्यावरचा नवा दुपट्टा सरकला, तो सावरायला गेला आणि त्याचं मनगट माझ्या पट्ट्याच्या बॉलला लागलं. बॉल किंचित हलला. सगळ्यांनी पाहिलं. त्यानं स्टिक मारली, त्याचा एकरंगी सरळ पॉकेटात गेला.

बाबा टिनाच्या छताकडे पाहत होते, जसं काही पाखरू शिरलं आहे. पोरं मोबाइल काढून बसली. मी खाली पाहिलं. भाटवा उभा राहिला, दुपट्टा झटकला. "चलो, अब काला," म्हणाला.

"हात लागला."

दारातून आवाज आला. ताईचा. मोठा नव्हता, पण गोदामात दुसरा आवाजच नव्हता.

"क्या?"

"तुमचा हात लागला. पट्ट्याच्या बॉलले. फाऊल होय तो."

"तू आत जाय!" बाबा ओरडले. "बायकायचं काम नोहे ते! जाय म्हनतो ना!" मी समोर स्टिक घेऊन उभी आणि हे म्हणे बायकांचं काम नव्हे. ताई हलली नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली, त्याच्याकडे बघत.

तो तिच्याकडे बघत राहिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बघितलं असेल. मला वाटलं, आता शिवी देतो, आता स्टिक फेकून मारतो. मी एक पाऊल पुढेही झाले, म्हटलं मारून तर पाहा. पण तो हसला.

"लागला," तो म्हणाला. "बीवी म्हणते तर लागलाच असन."

पोरं खदखदून हसली. त्यानं पांढरा बॉल उचलला, माझ्याजवळ आला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "लो, साली साहिबा." स्टिक भिंतीला टेकवली आणि खुर्चीत जाऊन बसला.

बीवी म्हणते तर! तो आवाज, ते हसणं, ती पोरांची दाद. मला तो टोमणाच वाटला. आजही वाटतो. माझ्या हातात पांढरा बॉल होता आणि समोर दोन बॉल पॉकेटांच्या तोंडाशी. दोन फटके, तेही आंधळ्यानं मारावेत असे. बाबा माझ्या मागे आले आणि कानाशी पुटपुटले, "हुकवजो. तुले माझी आन हाय. हुकवजो."

मी ताईकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. त्या डोळ्यांत मला एकच दिसलं, मार. मले सोडव. नाहीतर भर गोदामात तोंड कायले उघडलं तिनं? जिंकलो तर घेऊन जातो असं तो म्हणाल्यावरच तिनं त्याचा फाऊल धरला होता. याचा दुसरा काय अर्थ होतो? तुम्हीच सांगा.

पांढरा ठेवला आणि पट्ट्याचा मारला. गेला. मग काळा. नियमाप्रमाणे पॉकेट सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, "डावा कोपरा." बाबा म्हणाले, "माय वं." मी मारलं.

काळा पडला. कोणी टाळी वाजवली नाही.

भाटवा खुर्चीतून उठला. चेहऱ्यावरचं हसू गेलेलं. त्याला हे अपेक्षित नव्हतं, ते मला दिसलं आणि माझं काळीज सुपाएवढं झालं. पार्लरभर माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्यानं दिलेला शब्द त्याला आता गिळता येईना. त्यानं खिशातून गाडीची चावी काढली.

"रूल मतलब रूल," तो म्हणाला.

बाबा आडवे झाले. "मजाक होती ते जवाईबापू! खेळातलं का खरं असते? ते पोट्टी तं पागल हाय, तिच्या तोंडाले कायले लागता?" पोट्टी म्हणजे मी. बाबांनी त्याचे पाय धरले, तेच पाय, दुपारी धुतलेले. त्यानं पाय सोडवून घेतले. "मजाक कैसा? सबके सामने बोला." ताई दारातून एक पाऊल आत आली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तो तिच्या बाजूनं निघाला, अंगणात गेला, दाराशी ठेवलेल्या बॅगला वळसा घातला आणि गाडीत बसला. धूळ खाली बसेपर्यंत बाबा अंगणातच उकिडवे होते.

घरी काय झालं ते सांगण्यासारखं नाही. आई म्हणाली, तुया हाताले किडे पडो. असं ती तीन-चारदा म्हणाली, आणि मग मला जेवायला वाढलंसुद्धा. बाबांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायचे. भाटवा परत आला नाही. मध्यस्थ गेले, मामा गेले, नाही. पुढे फारकत झाली आणि त्यानं दुसरी केली. ती छत्तीसगडकडची आहे म्हणतात. पार्लर आता मी एकटीच चालवते, आणि कोणाचाही जवाई आला तरी फाऊल म्हणजे फाऊल. लोक म्हणतात, या पोरीनं बहिणीचा संसार काळ्या बॉलसोबत पॉकेटात घातला. म्हणोत! त्यांच्या बापाचं काय जाते? मी नियमानं खेळले. तो नियम त्यानंच लावला होता, शब्द त्यानंच दिला होता, फाऊल त्यानंच कबूल केला होता. जो माणूस बायकोला पणाला लावतो त्याच्याकडे तिला पाठवायला मी हरायचं, हे मला मरेपर्यंत पटणार नाही.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. गाडी गेली, पोरं पांगली, आणि उन्हं उतरली तेव्हा मी टेबल झाकायला गोदामात गेले. ताई आत होती. पॉकेटातले बॉल काढून एक एक टेबलावर ठेवत होती. रडत नव्हती. मला इतकं हलकं वाटलं! मी जवळ गेले, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हटलं, "सुटली तू, ताई."

तिनं माझा हात खांद्यावरून काढला.

"तुले आयकू नाई आलं का?" ती म्हणाली. "लागला म्हने तो. साऱ्यायसमोर. लगन झाल्यापासून पह्यल्यांदा माझं म्हननं मानलं त्यानं."

"टोमना होता तो, ताई."

"असन. टोमना असन. मी समजून घेतलं असतं घरी जाऊन." तिच्या हातात काळा बॉल होता. तो तिनं टेबलावर ठेवला नाही, तसाच धरून होती. "फाऊल मानते का नाई तो, तेवढंच पाह्यचं होतं मले. जाच्या आधी. तुले जिंकाले कोनं सांगतलं होतं?"

मी टेबलावर टाकायची चादर उलगडायला घेतली.

"इतके दिवस हुकवले तू," ती म्हणाली, "आज एक नाई हुकवला गेला तुयानं."